नापास यादी

३ मार्च, सोमवार

साहेबांनी सकाळी केबिनमध्ये बोलावलं आणि एक पत्र टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. दोन बोटांनी, कडेला धरून, जसं काही ते ओलं होतं.

साहेब म्हणजे आमचे परीक्षा नियंत्रक. विद्यापीठाचे सगळे निकाल यांच्या सहीने लागतात. संगणक चालू करायला मात्र यांना शिपाई लागतो.

महिनाअखेरीला बाहेरून तपासणी येणार आहे. परीक्षा विभागाची प्रणाली तीनशे बारा माणसं वापरतात. त्यांचे पासवर्ड आपण कसे साठवतो याचा लेखी दस्तऐवज तपासणीवाल्यांना हवाय.

"तुमच्याकडे असेलच तो," साहेब म्हणाले.

"नाही."

"अहो, अकरा वर्षं डेटाबेस सांभाळताय तुम्ही."

"सांभाळतोय. पण लिहून कोणासाठी ठेवायचं? वाचणार कोण?"

यावर त्यांनी मान डोलावली. पटलं म्हणून नव्हे, कळलं नाही म्हणून. मी दाराशी पोचल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "ते पासवर्ड कपाटातच असतात ना? कुलूप आहे ना?"

मी हो म्हणालो. कपाट आहे, कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. साहेब दिवसभर खूश होते.

पत्रात अशीही सूचना आहे की दस्तऐवज तयार करताना रोजच्या कामाची नोंद ठेवावी. तपासणीसाठी ठेवीन एक, सभ्य भाषेत. ही वही माझी.

५ मार्च, बुधवार

साहेबांना समजावण्यात पाऊण तास घातला. तो वाया गेला.

पासवर्ड आम्ही साठवतच नाही, इथूनच सुरुवात केली. माणूस पासवर्ड ठरवतो तेव्हा तो एका गणिती जात्यातून दळून काढायचा आणि फक्त पीठ ठेवायचं. पिठाचे परत दाणे होत नाहीत. पुढच्या वेळी त्याने पासवर्ड टाकला की तोही दळायचा आणि दोन्ही पिठं सारखी आहेत का ते बघायचं. सारखी असली की दार उघडतं. जातं मुद्दाम संथ ठेवलेलं असतं, म्हणजे एखाद्या चोराने पीठ पळवलं आणि अंदाजाने कोट्यवधी शब्द दळून बघायचं ठरवलं, तर त्याचा जन्म त्यात जावा. शिवाय दळण्याआधी प्रत्येकाच्या दाण्यांत वेगवेगळी अर्थहीन अक्षरं मिसळतात. आमच्या धंद्यात त्याला मीठ म्हणतात. त्यामुळे दोन मूर्खांनी एकच पासवर्ड ठेवला तरी पीठ वेगळं पडतं.

"मीठ," साहेब म्हणाले. "हे दस्तऐवजात नको घालायला. थट्टा वाटेल."

मग म्हणाले, "बरं, माझा पासवर्ड तेवढा सांगा. मी विसरलो."

"सांगता येत नाही. तेच तर आत्ता सांगत होतो."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?"

"कोणालाच माहीत नसतो. मलाही नाही."

"मग तुम्ही सांभाळता काय?"

या माणसाच्या सहीने मुलं पदवीधर होतात.

६ मार्च, गुरुवार

चहा हसऱ्याबरोबर. हसरा नेटवर्क सांभाळतो, म्हणजे सगळ्या इमारतीतल्या वायरी आणि यंत्रं. या विभागात माझं बोलणं कळणारा तेवढा एकच माणूस आहे. बाकी सगळे माना हलवणारे.

रोजच्याप्रमाणे त्याला नापास यादी वाचून दाखवली. नाव मीच ठेवलंय. प्रणालीत शिरताना ज्याचा प्रयत्न फसतो त्याची नोंद या यादीत उतरते. किती वाजता, कुठल्या यंत्रावरून, आणि नावाच्या रकान्यात काय टाइप केलं. सहा वर्षांपूर्वी मीच बसवली, कोणी परका दार खडखडवत असेल तर कळावं म्हणून. परका आजवर एकही आला नाही. आले ते सगळे आपलेच. यांना दोन रकाने झेपत नाहीत. वर नाव, खाली पासवर्ड, एवढंच करायचं असतं. पण डोळे कीबोर्डवर, बोटं घाईत, आणि पासवर्ड बिनदिक्कत वरच्या रकान्यात. मग चूक दाखवली की गुपचूप पुन्हा नीट टाइप करायचं. ती पहिली ओळ माझ्या यादीत येते, उघडी, जशीच्या तशी. पाठोपाठ त्याच यंत्रावरून कोण आत शिरलं तेही दिसतं. जोड्या लावा, पहिलीतल्या पोरांसारख्या.

भांडारातल्या कारकुनाचा पासवर्ड त्याच्या मोटरसायकलचा नंबर आहे. उत्तरपत्रिका विभागाचे प्रमुख, वय सत्तावन्न, टक्कल, यांचा 'राजकुमार१'. एकाने साहेबांना शिवी ठेवलीय आणि नियमात बसावी म्हणून शेवटी आकडा.

आज सापडल्या मोठ्या बाई. गुणपत्रक विभागात गुण भरायचं आणि दुरुस्त करायचं काम यांच्याकडे, सत्तावीस वर्षांपासून. जाड काचांचा चष्मा, पायात घरातल्या चपला. यांचा पासवर्ड काय, तर 'मीदमले७१'. सलग.

"खुर्चीत बसून बसून दमल्या," मी म्हणालो.

हसऱ्याला ठसका लागला. डोळे पुसत पुसत हसत होता. याच्यापुढे बोलण्यात अर्थ असतो.

रात्री घरी जेवताना हिलाही सांगितलं. ही हसली नाही. हिला विनोद पोचायला वेळ लागतो.

११ मार्च, मंगळवार

दस्तऐवजाचा पाचवा भाग झाला. एक वाक्य फार नेटकं जमलंय: 'पासवर्ड मूळ स्वरूपात प्रणालीत कोठेही, कोणत्याही काळी उपलब्ध नसतो.' साहेबांना ते तीनदा वाचून दाखवावं लागलं, पण शेवटी आवडलं.

दुपारी मोठ्या बाई टेबलाशी येऊन उभ्या.

"मला पासवर्ड बदलायचाय."

"मदतपुस्तिका, पान चौदा."

"वाचलं ते. ज्यांना गुण दुरुस्त करायचा अधिकार आहे त्यांना तुमची मंजुरी लागते, असं आहे त्यात."

वाचलं होतं, हे मान्य करायला हवं. इथे ते दुर्मीळ.

"तपासणी होईपर्यंत मी कसलेही बदल करत नाही. महिना संपल्यावर या."

"तोपर्यंत काही झालं तर?"

"बाई, तो दळलेला आहे. देवालाही वाचता येणार नाही."

त्या तरीही हलेनात. मग म्हणाल्या, "काल जिन्यात तुमच्या त्या मित्राने मला विचारलं, दमलात का बाई म्हणून."

"मग? विचारपूस केली त्याने."

"हो," त्या म्हणाल्या. "विचारपूस." आणि गेल्या.

हसऱ्याला म्हटलं, तूही कमाल करतोस. तो म्हणाला, गंमत रे. खरं सांगायचं तर मलाही थोडं हसू आलं.

१७ मार्च, सोमवार

विभागात धावपळ. शुक्रवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटं ते एक चाळीस या वेळात नऊ विद्यार्थ्यांचे गुण बदलले गेले. सगळे नापासाचे पास. एका प्राध्यापकाने आपल्या वर्गाची यादी पुन्हा तपासली म्हणून उघडकीला आलं, नाहीतर गुणपत्रकं छपाईला जाणार होती.

गुण बदलले ते मोठ्या बाईंच्या नावाने आत शिरून.

बाई म्हणतात, त्या वेळी त्या जुन्या नोंदींच्या खोलीत फायली शोधत होत्या. एकट्या. त्या खोलीत माणूस एकटाच असतो, दुसऱ्याला उभं राहायला जागा नाही. म्हणजे साक्षीला कोणी नाही.

माझं मत पक्कं आहे. यांनी कोणाला तरी पासवर्ड दिला. नात्यातल्या, शेजारपाजारच्या. अशी साधी दिसणारी माणसं भिडेखातर काहीही करतात. माझ्याकडे कोणी किल्ली मागून बघावी.

१९ मार्च, बुधवार

चौकशी समिती बसली. तिघं जण. अध्यक्षपदी कायद्याचे एक निवृत्त प्राध्यापक, कान थोडे कमी. मी तज्ज्ञ म्हणून.

पंचवीस मिनिटं बोललो. जातं, पीठ, मीठ, सगळं. अध्यक्षांनी हाताचा द्रोण कानाशी धरला होता. शेवटी त्यांनी विचारलं, "थोडक्यात सांगा. पासवर्ड तुमच्या प्रणालीतून बाहेर पडू शकतो का?"

"नाही. प्रणालीतून नाही. पडला तर माणसाच्या तोंडातून पडतो. किंवा कोणालाही ओळखता येईल असा ठेवला तर."

"यांचा ओळखण्यासारखा होता?"

"मी दमले एकाहत्तर, असा पासवर्ड ठेवला तर दुसरं काय होणार."

बाई तोवर हातातल्या रुमालाकडे बघत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

अध्यक्ष म्हणाले, तुमची पाळी येईल तेव्हा बोला. पाळी आली तेव्हा बाई नुसतं म्हणाल्या, "मी कोणाला सांगितला नव्हता. सांगण्यासारखा नव्हताच तो. मी कशी सांगेन?" आणि त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. नको ते उघडं पडल्यासारखा.

निकाल तासाभरात. आजपासून निलंबित, पुढचा निर्णय कुलगुरूंकडे. पिशवीत डबा, चष्म्याचं घर आणि टेबलावरचा फोटो घालून गेल्या. सत्तावीस वर्षांचं सामान एका कापडी पिशवीत मावलं.

माझ्या साक्षीचं साहेबांनी कौतुक केलं. त्यांच्या कौतुकाची मला काय किंमत.

त्या मध्येच बोलल्या ते मात्र अस्थानी होतं. समितीसमोर तज्ज्ञाला असं कोणी विचारत नाही.

२० मार्च, गुरुवार

ही दवाखान्यात औषधांची खिडकी सांभाळते. दिवसभर लोकांच्या चिठ्ठ्या वाचते. घरी आल्यावर फारसं बोलत नाही. आज भांडी पुसता पुसता विचारलं, "त्या बाईंचं काय झालं?"

सांगितलं.

"आणि तू काय म्हणालास तिथे?"

तेही सांगितलं. प्रणालीतून बाहेर पडत नाही, तोंडातून पडतो.

"मग तुला कसा माहीत होता?"

"माझं कामच आहे ते. यादी असते माझ्याकडे."

"ती यादी कोण बघतं?"

"मी."

"आणखी?"

"मी एकटा."

तिने हातातलं ताट खाली ठेवलं. "मला माहीत होता तो पासवर्ड," ती म्हणाली. "तू सांगितला होतास. जेवताना. मी एकटी होते का रे, जिला सांगितलास?"

मी म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही. ती बरं म्हणाली आणि पुन्हा ताट उचललं. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "माझ्या खिडकीवर रोज दोनशे लोक येतात. कोणाला काय झालंय ते मला सगळं ठाऊक असतं. मी घरी येऊन तुला कधी सांगितलंय?"

हे आणि ते सारखं नाही. उद्या शांतपणे समजावीन.

२१ मार्च, शुक्रवार

समजावलं नाही. समजावण्याजोगं काही सापडलं नाही.

सहावा भाग लिहायचा आहे: 'पासवर्डशी संबंधित इतर नोंदी.' सकाळपासून कोरा.

समितीने माझ्याकडे कोण शिरलं आणि किती वाजता, एवढंच मागितलं होतं. तेवढंच दिलं. कुठल्या यंत्रावरून, हे त्यांनी विचारलं नाही. सांगावं असं मला वाटलं नाही, कारण उत्तर मला आधीच माहीत होतं. निदान तसं वाटत होतं. आज ती नोंद उघडली.

बाईंच्या टेबलावरचं यंत्र नव्हतं. नेटवर्कच्या खोलीतलं होतं.

त्या खोलीत जाणारी माणसं तशी बरीच असतात, असं मी स्वतःला सांगितलं. मग मोजली. दोन. त्यातला एक गेले तीन आठवडे प्लास्टरमध्ये घरी.

दुपारी हसरा आला, खुर्ची उलटी करून बसला. "तपासणीवाली येतेय ना? ती तुझी नापास यादी उडवून टाक आधी. उगाच तुझ्यावर येईल."

"माझ्यावर?"

"मग काय. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

आठवडाभरापूर्वी म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं, कोणीतरी काळजी करतंय म्हणून. आज त्याच्या दातांकडे बघत बसलो. वरच्या ओळीतला एक किंचित वाकडा आहे. सहा वर्षं रोज बघितलाय, आज दिसला.

"बघतो," मी म्हणालो.

तो गेल्यावर यादी पुसायची आज्ञा टाइप केली. एक ओळ. एंटर दाबलं की सहा वर्षांचं सगळं साफ, आणि मी माझ्या पाचव्या भागासकट स्वच्छ. पण बाईंची ती एक ओळ त्याच यादीत आहे. त्यांचा शब्द बाहेर कसा आला, याचा जगात दुसरा पुरावा नाही.

अक्षरं एकेक करून मागे खोडली. यात थोरपणा नाही.

२४ मार्च, सोमवार

साहेबांना सगळं सांगितलं. यादी, चहा, यंत्र.

त्यांनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "आता कशाला? समितीचा अहवाल टाइप झालाय."

"बाईंनी काही केलेलं नाही, साहेब."

"ते बघू ना. तपासणी एकदा जाऊ दे. मग आपण सावकाश, योग्य त्या मार्गाने. बाईंची तशीही निवृत्ती जवळ आलीय." आवाज खाली आणून, "आणि तुमचंही त्यात बरं नाही. माणूस म्हणून सांगतोय."

मी या माणसाला अकरा वर्षं मूर्ख समजत आलो. तो मूर्ख नाही. मला काय हवंय हे त्याला माझ्या आधी कळलं होतं. बाहेर पडताना मला हलकं वाटत होतं.

२७ मार्च, गुरुवार

तपासनीस बाई आल्या. बुटक्या, केस अगदी बारीक कापलेले, हातात शाळकरी वही. मी मनात म्हटलं, हिला जातं समजावण्यात सकाळ जाणार. तिला काही समजावावं लागलं नाही. पाचही भाग वीस मिनिटांत वाचले, जात्याच्या संथपणाचा आकडा विचारला, थोडा वाढवा म्हणाली. बरोबर होतं तिचं.

"काम चांगलं केलंय," ती म्हणाली. "सहावा भाग कोरा आहे."

साहेब घाईने म्हणाले, "तो लागू होत नाही आमच्याकडे."

तिने त्यांच्याकडे बघितलंच नाही. मला विचारलं, "वापरणारा माणूस जे टाइप करतो, ते पीठ होण्याआधी आणखी कुठे कुठे उतरतं?"

साहेब खोकले. त्या खोकल्यात काय होतं ते मला नीट कळलं. मी यंत्र तिच्याकडे वळवलं आणि यादी उघडली.

तिने पहिल्या दोन-तीन ओळी वाचल्या. मग हातातली वही पडद्यावर आडवी धरली आणि उरलेलं झाकलं.

"खाली नका सरकवू. मला पुढचं बघायचं नाहीये."

ती माझ्याकडे वळली.

"हे तुम्ही वाचता?"

"रोज सकाळी."

"कशासाठी?"

कारण हवं तर होतं. परका, दार, सुरक्षितता. तिच्या वहीच्या मागे तीनशे बारा माणसं होती.

"मजा यायची म्हणून," मी म्हणालो. मग बाकीचं सांगितलं. मोठ्या बाईंची ओळ कुठली, ती मी कोणाला वाचून दाखवली, आणि त्या शुक्रवारी नेटवर्कच्या खोलीतून काय झालं. बाई पासवर्ड बदलायला आल्या होत्या आणि मी त्यांना परत पाठवलं, हेही. ते कोणी विचारलं नव्हतं.

ती लिहून घेत होती. लिहिणं संपल्यावर म्हणाली, "ही यादी आत्ता माझ्यासमोर बंद करा. पुरावा म्हणून एक सीलबंद प्रत समितीकडे जाईल. यापुढे वेळ, यंत्र आणि किती वेळा चुकलं, एवढंच नोंदवायचं. काय टाइप केलं ते नाही."

चार ओळी बदलायच्या होत्या. दहा मिनिटं लागली. सहा वर्षांत कधीही लागली असती.

४ एप्रिल, शुक्रवार

हसऱ्याने कबूल केलं. नऊ विद्यार्थ्यांपैकी एक त्याच्या बहिणीचा मुलगा, बाकी आठ त्याला झाकण्यापुरते. समितीच्या खोलीतून बाहेर पडताना माझ्यासमोर थांबला. मला वाटलं, खाली बघेल. नाही.

"मी चोरला कुठे? तू वाढून दिलास," तो म्हणाला. "आणि तुला काय वाटत होतं, तुझ्या विनोदांना हसायचो मी? तुझ्यासमोर चहा पीत सहा वर्षं कंटाळलो होतो."

मी घरी येऊन हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग तू काय बोललास. मी भांडी पुसायला घेतली.

मोठ्या बाईंना सन्मानाने परत घेतलंय. पत्रात 'सन्मानाने' असाच शब्द आहे. माझ्याकडून डेटाबेसचे सगळे अधिकार काढले. पुढच्या एक तारखेपासून मी अर्ज स्वीकारण्याच्या खिडकीवर. तोवर दस्तऐवज पुरा करायचा, कारण तो लिहू शकणारं दुसरं कोणी नाही. ही शिक्षा कोणाला सुचली माहीत नाही, पण त्याला डोकं आहे.

९ एप्रिल, बुधवार

तपासनीस बाईंची एक अट आहे. दस्तऐवज तंत्रज्ञ नसलेल्या एका वापरकर्त्याने पूर्ण वाचून, समजला अशी सही केली पाहिजे. कोणी, तेही त्यांनीच लिहून पाठवलं.

दुपारी तीन वाजता मोठ्या बाईंच्या टेबलाशी गेलो. त्यांनी समोरची खुर्ची दाखवली नाही. मी उभाच राहिलो.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. बोट ओळीखाली ठेवून, एकही पान न वगळता. अकरा वर्षांत माझं लिहिलेलं कोणी शेवटपर्यंत वाचलेलं नाही. दोनदा थांबल्या. एकदा मिठाशी. "म्हणजे दोघींचा शब्द एक असला तरी कोणाला कळू नये, म्हणून?" मी हो म्हणालो. "हे चांगलं आहे," त्या म्हणाल्या. जातं बनवणाऱ्याला म्हणाल्या असतील. मला नाही.

मग सहाव्या भागाशी आल्या. मी लिहिलं होतं: 'वापरकर्त्यांच्या निष्काळजीपणामुळे काही वेळा पासवर्ड नावाच्या रकान्यात टाइप होतो व त्यामुळे तो उघड होण्याचा संभव निर्माण झाला होता.'

"निष्काळजीपणा म्हणजे माझा?"

"सर्वसाधारण वाक्य आहे, बाई. दस्तऐवजात असंच लिहितात."

"मला त्या दिवशी तीनशे गुणपत्रकं काढायची होती. घाईत वरच्या रकान्यात लिहिलं. ती चूक. लिहा, चूक." बोट तिथेच होतं. "तुम्ही अशा चुका सहा वर्षं रोज वाचल्यात आणि चार माणसांत सांगितल्यात. त्याला काय म्हणतात ते मला कुठे दिसत नाही यात."

मी पेन काढलं. 'निष्काळजीपणामुळे' खोडून 'घाईत झालेल्या चुकीमुळे' लिहिलं. समासात जागा होती. तिथे लिहिलं: 'ही यादी एक कर्मचारी रोज वाचत असे व इतरांना वाचून दाखवत असे. त्याची कामासाठी गरज नव्हती.'

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते अगदी जवळून वाचलं.

"एक कर्मचारी कोण?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. दाराशी चुकून आलेल्या विक्रेत्याकडे बघावं तसं बघत होत्या, कधी जातोय म्हणून.

'एक कर्मचारी' खोडलं आणि वर 'मी' लिहिलं. पुढची दोन्ही 'असे' दुसऱ्याच कोणाची वाटली, तीही खोडून 'होतो' केली. मी वाचत होतो. मी इतरांना वाचून दाखवत होतो.

त्यांनी सही केली, तारीख घातली, शिक्का शोधून नीट मारला आणि कागद माझ्याकडे दिले.

"मला माफ करा," मी म्हणालो.

"माझं काम पडलंय," त्या म्हणाल्या आणि पडद्याकडे वळल्या.

साडेचारला साहेबांकडे शेवटच्या सहीसाठी गेलो. या वेळी त्यांनीही वाचलं, निदान जिथे खाडाखोड दिसली तिथे.

"अहो, दस्तऐवजात 'मी' नसतो. हा मी कोण?"

मी सांगितलं.